एका क्वेरीला हात किती?



"तू नक्की काय काम करतेस गं?" असं कालपासून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज त्यातलंच थोडं सांगते.

मी डेटाबेस सांभाळते. कोट्यवधी नोंदींतून हवी ती माहिती मागवायला जो प्रश्न लिहितात, ती क्वेरी. काम मोठं असेल तर ते वाटून देता येतं. नाशिककरांना हे वेगळं समजवायला नको. २०१५च्या सिंहस्थात २९ ऑगस्टला वैष्णव आखाड्यांचं शाहीस्नान इथे रामकुंडावर झालं आणि त्याच दिवशी शैव आखाड्यांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर. पर्व एक, ठिकाणं दोन.

ओरॅकल डेटाबेसमध्ये क्वेरीतल्या एका खास टिप्पणीत 'पॅरलल' आणि कंसात ८ लिहिलं, की आठ प्रोसेस टेबलाचे तुकडे वाटून घेऊन वाचतात. याला हिंट म्हणतात. उत्तर क्रमाने लावायचं असेल, तर वाचणाऱ्या आठ आणि क्रम लावणाऱ्या आणखी आठ, अशा सोळा लागतात. हिंटचं स्पेलिंग चुकलं तर ओरॅकल तक्रार करत नाही. ती साधी टिप्पणी समजून पुढे जातो, आणि काम एकाच हाताने चालू राहतं.

खरी गोम पुढे आहे. या प्रोसेस सगळ्यांत मिळून मोजक्याच असतात. एकाने भर दुपारी वर्षभराच्या अहवालासाठी सगळ्या अडवल्या, तर दुसऱ्याच्या मोठ्या क्वेरीला कमी मिळतात, कधी एकही नाही. आणि डिस्क, प्रोसेसर तर सगळ्यांचेच. मग बँकेच्या खिडकीवर पेन्शनची नोंद बघायला आलेल्या आपल्या सरांना "सिस्टीम स्लो आहे" असं ऐकावं लागतं. सरांच्या एका खात्याच्या क्वेरीला मात्र आठ हात नकोतच. इंडेक्सवरून ते क्षणात सापडतं. वाटणी करण्यातच जास्त वेळ जाईल.

म्हणून नव्या मुलामुलींना मी तीन गोष्टी सांगते. मोठं काम रात्री लावा. हिंटमध्ये आकडा लिहा. आणि चालवल्यावर खरोखर किती प्रोसेस मिळाल्या, ते तपासा. आपलं काम लवकर झालं एवढं पुरत नाही. त्या वेळी बाकीच्यांचं काय झालं, तेही पाहावं लागतं.