गाईचे दूध : वंश आणि व्यवस्था

गावच्या दूध-संकलन केंद्रावर सकाळी जी रांग लागते, तिच्यात अधूनमधून एक कटू प्रसंग घडतो. तपासणीत स्निग्धांश कमी भरतो, भाव उतरतो, आणि ‘पाणी घातलेले दिसते’ असा शेरा कुणाच्या तरी तोंडून निघतो. ज्याने थेंबभरही पाणी घातलेले नसते, त्या शेतकऱ्याला तो शेरा पैशाच्या तोट्याहून अधिक लागतो. वास्तविक दूध पातळ असणे आणि दुधात पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिले कारण वंशाचे. होल्स्टीन-फ्रीजियन गाय दूध उदंड देते. पण त्यात स्निग्धांश सामान्यतः साडेतीन ते चार टक्के असतो. जर्सीच्या दुधात तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या गीर व साहिवाल गाई बहुधा या दोहोंच्या मध्ये बसतात. दुग्धशर्करा मात्र सर्व वंशांत जवळजवळ सारखीच राहते.

वंशाने मर्यादा घालून दिली, तरी रोजचा निकाल गोठ्यातच लागतो. कडबा आणि गवत यांतील तंतू गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतू आंबवितात. त्यातून निघणाऱ्या अॅसेटिक आम्लापासून कासेत स्निग्धांश घडतो. अधिक दुधाच्या लोभाने वैरण तोडून धान्याचा भरडा वाढविला, की पोटातील आम्लता वाढते व स्निग्धांश घसरतो. कासदाह झाल्यास दुग्धशर्करा घटते, क्षार वाढतात आणि दूध खारट लागते.

धार काढण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. पहिल्या धारा पातळ असतात. शेवटच्या धारांत स्निग्धांश कित्येक पटींनी अधिक असतो. त्या वासरासाठी राखल्या, तर साय वासराच्या मुखी जाते आणि केंद्रावर पातळ दूध पोहोचते. यात लबाडी नसते, वासराची माया असते. त्याऐवजी एक सड वासराला सोडून उरलेले तीन पूर्ण पिळले, तर दोघांचाही वाटा राखला जातो.

पाण्याचा संशय फेडण्यास निराळी कसोटी आहे. कासेत दूध आणि रक्त यांचा परासरणदाब सारखा राहतो. म्हणून गाय कोणत्याही वंशाची असो, शुद्ध दूध शून्याखाली सुमारे अर्ध्या अंश सेल्सिअसवर गोठते. पाणी मिसळले की हा बिंदू शून्याकडे सरकतो. तेव्हा स्निग्धांशाच्या आकड्यावरून दुधाचा भाव खुशाल ठरवावा. शेतकऱ्याची सचोटी ठरवू नये.