ध्वनिफितीवरील वाणीचे जतन

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. पूर्वी श्रवणासाठी वक्ता सन्मुख असावा लागे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिन येथे कॅसेट सादर केली. पुढे घरोघरी स्टीरिओ आले आणि प्रवचनकाराची वाणी दूरच्या भाविकांसही ऐकता येऊ लागली. उदरनिर्वाहासाठी सुरत, पलसाणा या बाजूस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशी कॅसेट म्हणजे मायबोलीची शिदोरीच होती.

या मुद्रणाचे मोल मुंबईच्या एका उदाहरणावरून कळते. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीतून बोलत. ती संभाषणे टेपवर घेतली गेली, मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९७३ साली ‘आय ॲम दॅट’ हा ग्रंथ निघाला. मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत तो उपदेश पोहोचला. तथापि अनुवाद अर्थ देतो. बोलण्यातला स्वर आणि मधले मौन मात्र फीतच देते.

ही फीत नाजूक असते. चार मिलिमीटरहूनही अरुंद अशा प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो; त्यातील चुंबकीय खुणा म्हणजेच आवाज. दक्षिण गुजरातच्या दमट पावसाळ्यात तीवर बुरशी धरते. दोन कॅसेटींच्या स्टीरिओवर नकलेवरून नक्कल घेत गेल्यास दर वेळी खरखर वाढते आणि शब्द मागे पडतो. कॅसेटच्या मागील कडेचे दोन लहान तुकडे मोडले नसतील, तर एका चुकीच्या कळीने प्रवचनावर चित्रपटगीत चढते आणि मूळ वाणी कायमची पुसली जाते.

म्हणून ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेटी असतील, त्यांनी प्रथम ते तुकडे मोडावेत. बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रात घालू नये, जाणकाराकडे द्यावी. यंत्राचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, मूळ कॅसेट एकदा पूर्ण पुढेमागे फिरवून घ्यावी आणि मग स्टीरिओ तारेने संगणकास जोडून मुद्रण उतरवावे. वक्ता, स्थळ व तिथी लिहून ठेवावी. नाव नसलेला आवाज पुढील पिढीस परका होतो. मूळ कॅसेट टाकू नये.

पोथी जीर्ण होऊ लागली की पूर्वज तिची नवी प्रत करीत. ध्वनिफितीच्या बाबतीत तेच कर्तव्य आजच्या पिढीवर आले आहे, आणि त्यास विलंब परवडणारा नाही.