‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’ : ५जीची स्लाइस आणि पेटंटचा उंबरठा



पेटंटच्या प्रत्येक भांडणात एक वाक्य हमखास येतं. “यात काय विशेष? हे तर कुणालाही सुचलं असतं!” आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम २(१)(जेए) मध्ये, या वाक्याचं कायदेशीर रूप आहे. शोधात तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड, म्हणजे ‘ऑब्व्हियस’, वाटता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात जड आहे. आज ती ५जीच्या एका छोट्या कोपऱ्यावर लावून बघू.

आधी तो कोपरा समजून घेऊ. तुमचा फोन खिशात झोपलेला असतो. त्याला टॉवरशी बोलायचं असेल तर आधी दार ठोठवावं लागतं. यालाच रँडम ॲक्सेस म्हणतात. फोन एक ठरावीक सांकेतिक हाक मारतो, तिचं नाव प्रिअँबल. टॉवर उत्तर देतो, “ऐकलं, अमुक वेळी बोल.” मग फोन आपली ओळख सांगतो आणि टॉवर शिक्कामोर्तब करतो. एका वेळच्या दारावर अशा हाका ६४. दोन फोननी एकच हाक निवडली की टक्कर, आणि मग पुन्हा प्रयत्न. ही कल्पना नवी नाही बरं का! १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहा नेटवर्कमध्ये हेच होतं: ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलावं. त्या पद्धतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते. वेळेचे ठरावीक कप्पे पाडले की ती ३७ टक्क्यांच्या आसपास जाते.

आता स्लाइस. मुंबईची लोकल डोळ्यांसमोर आणा. रूळ एक, गाडी एक, पण महिलांचा डबा वेगळा, मालडबा वेगळा, दिव्यांगांचा वेगळा. ५जीमध्येही तसंच आहे. एकाच नेटवर्कवर व्हिडिओ बघणाऱ्यांचा एक काप, कारखान्यातल्या रोबोंचा दुसरा, वीजमीटरांचा तिसरा.

मग कुणीतरी पेटंटचा अर्ज करतं: “प्रत्येक स्लाइसला हाकांचा स्वतंत्र गट द्यावा, म्हणजे रोबोची हाक व्हिडिओवाल्यांच्या गर्दीत हरवणार नाही.” ऐकायला छान आहे. पण हा शोध आहे का?

अशा वेळी आपल्याकडे जो निकाल हमखास काढला जातो, तो मोबाइलचा नाही, भांड्यांचा आहे! बिश्वनाथ प्रसाद राधे श्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. लेथवर भांडं फिरवून घासताना ते घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीवर पेटंट होतं. न्यायालयाने ते रद्द ठरवलं. माहीत असलेले भाग कारागिराने जरा बरे जुळवले, एवढंच झालं होतं; ती कार्यशाळेतली सुधारणा, शोध नव्हे. पण कसोटी सांगताना न्यायालयाने एक बारीक गोष्ट जपली. कसोटीला उभा करायचा तो सांगकाम्या कामगार नव्हे, क्षेत्रातलं सामान्य ज्ञान असलेला सक्षम कारागीर किंवा इंजिनिअर. त्याच्यासमोर अडचण ठेवायची, जुने कागद ठेवायचे, पण उत्तर मात्र झाकून ठेवायचं. आणि विचारायचं, अर्जाच्या अग्रक्रम तारखेला त्याला या कागदांत हवं ते सापडलं असतं का?

उत्तर झाकणं हेच सगळ्यात अवघड. कोडं सुटल्यावर ते सोपंच वाटतं.

आता आपल्या अर्जासमोर जुने कागद ठेवू. ४जीमध्येच हाकांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे गट होते. फोनला पुढे किती मोठा संदेश पाठवायचाय त्यावरून गट ठरायचा. रिलीज ११ मध्ये यंत्रांसारख्या उशीर चालणाऱ्या उपकरणांना गर्दीच्या वेळी बाहेर थांबवायची सोय आली. ५जीच्या पहिल्याच आवृत्तीत, रिलीज १५ मध्ये, टॉवर बदलताना किंवा बीम तुटल्यावर फोनला झुकतं माप होतं: पुन्हा हाक मारताना आवाज जास्त चढवायचा, थांबायचं कमी. स्लाइसची कल्पनाही त्याच आवृत्तीतली. तेव्हा कुणी यानंतर अर्ज करून फक्त एवढंच म्हणत असेल की “गट पाडा, पण स्लाइसप्रमाणे पाडा”, तर माझं मत स्पष्ट आहे: महिलांचा डबा असताना मालडबा सुचणं हा शोध नाही.

पण इथेच थांबलो तर आपणही तोच घाईचा निकाल देऊ. जरा हिशोब करा. समजा ६४ पैकी ४८ हाका सर्वांसाठी खुल्या आहेत आणि एकाच क्षणी १० फोन दार ठोठावतायत. एखाद्या फोनची टक्कर होण्याची शक्यता साधारण १७ टक्के. आता ४८ चे चार गट केले, प्रत्येकात १२, आणि तेच १० फोन एकाच गटात आले, तर शक्यता ५४ टक्क्यांवर जाते! म्हणजे तुकडे पाडल्याने नुकसानही होतं. जाणकार इंजिनिअर इथे बिचकेल. जुने कागद त्याला त्या वाटेने ढकलतात की मागे ओढतात, हा प्रश्न उभा राहतो. गर्दीप्रमाणे सीमा सरकवण्याची एखादी नेमकी रीत कुणी दाखवली असेल, तर तिला मी सहज ‘उघड’ म्हणणार नाही.

दुसरी अडचण त्याहून रंजक आहे. दार ठोठावणाऱ्या फोनला कुठली हाक कुठल्या स्लाइसची, हे आधीच कळायला हवं. मग टॉवरने स्लाइसची नावं हवेत जाहीर करायची? एकेक नाव ३२ बिटांपर्यंत जातं, आणि प्रसारणात जागा महाग. शिवाय इथे पोलिसांची किंवा एखाद्या कंपनीची खास स्लाइस आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कशाला कळू द्यायचं? रिलीज १७ मध्ये यावर गटक्रमांकाची वाट निघाली: कोअर नेटवर्क फोनला खासगीत सांगतं की तुझी स्लाइस अमुक गटात, आणि टॉवर हवेत फक्त गटाचा आकडा सांगतो. शोध असलाच तर तो अशा जागी असतो. दावा वाचताना ‘स्लाइस’ हा शब्द झाकून पाहा. उरलेल्या ओळींत जुनंच काही राहिलं तर संशय घ्या.

याचं आपल्याला काय? मानकात बसलेलं पेटंट चुकवता येत नाही. फोन बनवणाऱ्याला परवाना घ्यावाच लागतो. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावाला एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि तो वाद जुन्या पिढ्यांच्या तंत्रज्ञानाचा होता. ५जीतलं कच्चं पेटंट वेळीच अडवलं नाही, तर त्याचा भार हँडसेटच्या किमतीवर येतो. उलट, बंगळूर-हैदराबाद-पुण्यात बसून खरंच काही नवं शोधणाऱ्या आपल्या मुलांचा अर्ज “हे तर उघड आहे” म्हणून उडवला गेला, तर तोही अन्यायच.

कलम २५(१) प्रमाणे पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध नोंदवू शकतं. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही, जुना कागद आणि त्याची तारीख हाताशी हवी. मानकाच्या बैठकांमधले प्रस्ताव ३जीपीपीच्या सर्व्हरवर तारखांसकट खुले पडलेले आहेत. एकाच बैठकीत तीन-चार कंपन्यांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडलेली दिसली, तर ती ‘कुणालाही सुचण्यासारखी’ होती याचा तो बऱ्यापैकी पुरावा असतो, असं मला वाटतं. फक्त तारीख नीट बघा. कंपन्या सहसा अर्ज आधी टाकतात आणि प्रस्ताव नंतर चढवतात, आणि अर्जानंतर एका दिवसानेही आलेला कागद तुमच्या कामाचा नाही.