विसर पडतो, तो आळस नव्हे



आज आपण एका दुखण्याविषयी बोलू. डॉक्टर त्याला द्विध्रुवीय विकार किंवा बायपोलर म्हणतात. यात मन कधी फार चढते. माणूस झोपत नाही, सारखा बोलतो, पैसा उधळतो. कधी मन फार उतरते. मग उठावेसेही वाटत नाही.

हे पुष्कळांस ठाऊक असते. पण मन ताळ्यावर आल्यावरही काहींना विसर पडतो, कामात लक्ष लागत नाही. तोही दुखण्याचाच भाग. घरच्यांना मात्र तो आळस वाटतो.

आमच्या माहितीतला एक शिंपी माप घेई आणि विसरून जाई. दोन गिऱ्हाइकांचे कापड वाया गेले. भाऊ म्हणाला, "आता दुकानात बसू नकोस." हातचा धंदा जायची वेळ आली. तेव्हा बायकोने युक्ती काढली. माप घेतले की लगेच चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी त्याच कापडाला टाचायची. एक कापड पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुकान आजही चालू आहे.

यातून काय घ्यावे? जे डोक्यात राहत नाही, ते कागदावर ठेवावे. सकाळी दिवसाची तीन कामे लिहावीत. काम झाले की खूण करावी. किल्ली, चष्मा, पैसे यांच्या जागा ठरवाव्यात. गोळ्यांना सात वारांची सात कप्प्यांची डबी करावी. काम करताना मोबाइल दूर ठेवावा, मधून थोडे थांबावे. रोज ठरल्या वेळी झोपावे. जागरणाने हे दुखणे उलटते. दारू तर नकोच.

घरच्यांनी "एवढेही आठवत नाही का?" असे म्हणू नये. "चल, चिठ्ठी बघू," असे म्हणावे.

कधी औषधानेही डोके जड होते. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. लिथियम हे या दुखण्यावरचे जुने औषध. त्याचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला. ते घेणाऱ्याने वेळोवेळी रक्त तपासावे. त्याने काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावते, आणि त्यानेही विसर वाढतो. त्यावर उपाय आहे.

सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२ साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत.

आपण अक्षरे शिकलो. शेजारी कुणाला अशी चिठ्ठी लागत असेल, आणि त्याला लिहिता येत नसेल, तर आपण लिहून देऊ या.