उंदीर, वात आणि गवताची गंजी

सुरक्षा म्हटलं की कुलूप, कॅमेरा आणि दारावरचा पहारेकरी आपल्या डोळ्यांपुढे येतो. मला मात्र एक उंदीर आठवतो.

1673 चा उन्हाळा. शिवाजी महाराजांचं घोडदळ चिपळूणच्या मुलखात छावणीला होतं आणि पावसाळा तोंडावर आला होता. महाराजांनी तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पत्र धाडलं. त्यात गवताची काळजी आहे. कुणी भलत्या जागी चूल पेटवील, कुणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. मग गवत जाईल, घोडी जातील. त्यानंतर कुणाची मान मारली, कारकुनांना कितीही ताकीद दिली, तरी जळालेलं काही परत उभं राहायचं नाही. म्हणून आधीच फिरत राहा, आगीवर नजर ठेवा, असं महाराज बजावतात.

सुरक्षा व्यवस्थापनाचं पहिलं तत्त्व यातच आलं. संकट कोणत्या वाटेनं येईल ते आधी शोधायचं आणि ती वाट बुजवायची. शिक्षा नंतर करता येते, पण तिनं गवत परत येत नाही.

दुसरं तत्त्व गडावर सापडतं. सभासद बखर सांगते, की प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तिघे असत आणि कारभार तिघांनी मिळून करायचा असे. एकजण फितला, तरी गड जाऊ नये, म्हणून ही योजना. आज ज्या गोदामात माल घेणारा, नोंद करणारा आणि मोजणारा माणूस एकच असतो, तिथं त्याच्या प्रामाणिकपणावर आपण सगळा भार टाकतो. हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

तिसरं तत्त्व रोजच्या सवयीचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचं कोठार, राहत्या घरांपासून दूर ठेवायला सांगितलंय. हवालदारानं ठरावीक दिवसांनी स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं, असंही त्यात आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानलाय. आपल्याकडे आग विझवायचं नळकांडं भिंतीवर असतं, पण ते शेवटचं कधी तपासलं? संकटकाळी बाहेर पडायच्या दारापुढे खोकी रचलेली असतात. तपासलं नाही, तर असलेलं साधनही नसल्यासारखंच.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चिपळूणच्या त्याच पत्रात महाराज सांगतात, की रयतेचा दाणा, भाकर, भाजी, लाकूड हिसकावू नका. लोक दुखावले, तर राज्याला कोण राखणार? अनोळखी माणूस गावात शिरला, तर तो आधी कुणब्याला दिसतो.

आपल्या इमारतीत जळका वास आधी कुणाला येतो? फाटकावरच्या दादांना, झाडलोट करणाऱ्या मावशींना. त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी आहे का? त्यांनी काही सांगितलं, तर थांबून ऐकणारा कुणी आहे का? आज रात्री फाटकातून आत जाताना त्यांना एवढंच विचारा, ‘दादा, काही खटकतंय का?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.