आजारपणावरील कर

(चामोर्शी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कोणत्याही अर्थसंकल्पात न मांडलेला, कोणत्याही विधिमंडळाने मंजूर न केलेला एक कर या देशात वसूल होतो. तो आजारपणावर आहे. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, मजुरी बुडते, आणि नेमका त्याच दिवशी हा कर भरावा लागतो. या तालुक्यातील भूमिहीन मजूर मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून जे चार पैसे गाठीला बांधतो, ते पावसाळ्यात एका तापात औषधाच्या दुकानी रिकामे होतात. ताप सधन शेतकऱ्यालाही येतो. पण त्यापायी त्याला बैल विकावा लागत नाही. ज्याची ऐपत कमी त्याच्यावर भार अधिक, असा हा प्रतिगामी कर आहे.

2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाचा आरोग्यावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 3.83 टक्के होता. त्यात सरकारचा वाटा 1.84 टक्के, आणि तोही कोविडच्या साथीच्या काळात. एकूण खर्चाच्या दर 100 रुपयांतील 39 रुपये 40 पैसे कुटुंबांनी थेट खिशातून मोजले. 2013-14 मध्ये हाच आकडा 64 रुपये 20 पैसे होता. ही घट आपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु 2017 च्या आरोग्य धोरणाने सरकारी खर्च 2025 पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते, ते पाळले गेले नाही.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 मध्येच सांगितले होते. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनने 1948 मध्ये तेच तत्त्व करांच्या पैशातून अमलात आणले. निरोगी असताना ऐपतीप्रमाणे कर द्यावा, आजारी पडल्यावर गरजेप्रमाणे उपचार घ्यावेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी 1951 मध्ये चष्मे व कवळ्यांवर शुल्क बसताच मंत्रिपद सोडले.

आपल्याकडे वाट वेगळी निवडली गेली. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा आधार मोलाचा आहे, हे मान्य. पण तिचा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. मलेरियाचा ताप, लेकराचा खोकला, रोजची रक्तदाबाची गोळी यांवर घराचा पैसा झिरपत राहतो आणि विम्याचे कार्ड पेटीतच राहते.

खरा मार्ग याच जिल्ह्याने दाखवला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि बालमृत्यूंना आळा घातला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. हे घडले ते गावातल्या प्रशिक्षित हातांमुळे. आज ते काम देशभर आशाताई करतात. त्यांना मात्र आपण वेतन देत नाही, मानधन देतो. पंधराव्या वित्त आयोगाने आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवेवर असावा असे सुचवले, ते यासाठीच.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनीच 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्तीकर रद्द केला. 2018 पासून आरोग्य व शिक्षणाच्या नावाने 4 टक्के उपकर घेतला जातो. उपकरात राज्यांना वाटा मिळत नाही, आणि रुग्णालये चालवायची मात्र राज्यांनी! आपल्या दाराशीही पैसा आहे. सुरजागडचे लोहखनिज या तालुक्यातील कोनसरीच्या कारखान्यात येते. खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम जमा होते. 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचा किमान 60 टक्के भाग आरोग्य, पाणी, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांसाठी होता, आणि अनुसूचित क्षेत्रातील बाधित गावांत त्या कामांना ग्रामसभेची मान्यता लागते.

म्हणून आपले काम ग्रामसभेपासून सुरू होते. आरोग्य केंद्रात किती पदे रिक्त आहेत, कोणती औषधे बाहेरून आणावी लागतात आणि खनिज निधी कोठे खर्च झाला, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारा आणि मिळालेली उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. आजाऱ्याकडून कर घेणे थांबवायचे असेल, तर ऐपत असलेल्याकडून तो घेण्याचा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल.