पिकअप उंच करण्याआधी

मी भिलाईत सेक्टर २ मध्ये राहतो. आमच्या वसाहतीला लागून रेल्वेचे रूळ आहेत आणि रुळांपलीकडे सुपेला. तिथून जी. ई. रोडवर गेलं की दिवसभर पिकअप गाड्या दिसतात. धमध्याकडून टोमॅटोचे कॅरेट येतात, हथखोजच्या कारखान्यांतून सळई, अँगल आणि पत्रा बाहेर पडतो. यातल्या बऱ्याच गाड्या कारखान्यातून निघाल्या त्या उंचीच्या राहिलेल्या नाहीत. मागे स्प्रिंगचा एखादा जादा पाटा चढवलेला असतो, कुठे पाट्यांखाली लोखंडी ठोकळा सरकवलेला असतो. आता त्यात हौशी मालकांच्या गाड्यांची भर पडली आहे. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. त्यांना मोठे टायर बसवायचे म्हणून पुढची बाजू दोन इंच वर घेतात.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. गाडीची उंची बदलली की तिच्या खालच्या अनेक भागांची लांबी आणि कोन एकदम बदलतात. त्या प्रत्येक भागाचा विचार केला नाही, तर गाडी उंच दिसते खरी, पण थांबायला आणि वळायला ती पहिल्यापेक्षा वाईट होते.

आधी मागच्या पाट्यांबद्दल बोलतो, कारण इथल्या बहुतेक पिकअपचा प्रश्न तोच असतो. पाट्यांचा ताठरपणा तीन गोष्टींवर ठरतो: पाटे किती, जाडी किती आणि लांबी किती. एकसारखे, पूर्ण लांबीचे पाच पाटे असतील आणि त्यात तसाच सहावा घातला, तर ताठरपणा सुमारे वीस टक्के वाढतो. जाडीचा हिशोब मात्र वेगळा आहे, तिथे घन लागतो. आठ मिलिमीटरच्या जागी नऊ मिलिमीटर जाडीचे पाटे घातले, तर ताठरपणा चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. फरक डोळ्यांना दिसतो एका मिलिमीटरचा. म्हणून ‘थोडा जाड टाकून द्या’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतकं सहज बोलू नये. रिकामी गाडी मग खड्ड्यात उडते, मागची चाकं क्षणभर जमीन सोडतात, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेकचा उपयोग, ना वळण्याचा.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. काही नव्या गाड्यांना पॅराबोलिक पाटे असतात. ते मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत जातात, संख्येने कमी असतात आणि एकमेकांना अंगभर टेकत नाहीत. अशा जोडात जुन्या पद्धतीचा सरळ जाडीचा पाटा घातला, तर ताण ज्या तऱ्हेने वाटला जावा असं आखलेलं असतं, ती आखणीच मोडते. पॅराबोलिकला पॅराबोलिकचाच भाग हवा.

भिलाईत राहणाऱ्याला पोलादाबद्दल फार सांगावं लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावातल्या घराघरांत तापमान, थंडावणं, कठीणपणा हे शब्द जेवणाच्या ताटावर बोलले जातात. तरीही याच गावात पाट्याला गॅसच्या ज्योतीने लाल करून, ठोकून कमान वाढवून देणारी कामं होतात, याचं मला मनापासून दुःख होतं. पाट्याचं पोलाद साध्या सळईसारखं नसतं. त्यात कार्बन जास्त असतो, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर, आणि बहुधा सिलिकॉन व मँगॅनीज. ते आधी तापवून तेलात बुडवून कठीण करतात, नंतर साधारण चारशे ते पाचशे अंश सेल्सियसला पुन्हा तापवून त्यातला ठिसूळपणा घालवतात. वाकून परत जागेवर यायचा गुण या दुसऱ्या तापवण्यातून मिळालेला असतो. तुम्ही तो पाटा ज्योतीने लाल केला की तो गुण गेला. हळू थंड होऊ दिला तर पाटा मऊ पडतो आणि महिन्याभरात कमान बसते. पाणी ओतून थंड केला तर तो ठिसूळ होतो आणि ओझ्याखाली एका आवाजात तुटतो. पाट्यावर वेल्डिंग करणं हाही तोच गुन्हा, कारण वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या पट्ट्यात हेच घडतं.

पाट्याच्या पृष्ठभागाचं महत्त्व तर कोणी सांगतच नाही. ओझं आलं की पाट्याची वरची, खोलगट बाजू ताणली जाते आणि तडे तिथूनच सुरू होतात. म्हणून चांगले कारखाने त्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात. त्याने वरचा थर दाबाखाली राहतो आणि तडा उघडायला उशीर लागतो. त्याच बाजूवर हातोड्याचा एक खोल व्रण उठला किंवा गंजाचा खड्डा पडला, की ती सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा उंची हवी असेल, तर त्या गाडीसाठी बनलेला, योग्य कमानीचा पूर्ण नवा संच घ्या. जुन्याला ठोकून नवा करता येत नाही.

संच बदलला की पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही नवे घ्या. कसलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, त्याच्या आट्यांनी आपलं काम केलेलं असतं. एक पाटा वाढला की जुना बोल्ट आखूडही पडतो आणि नट पुरत्या आट्यांवर बसत नाही. सेंटर बोल्ट, शॅकलच्या पिना आणि बुश यांचंही तसंच. गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने कसले पाहिजेत, कारण नव्या पाट्यांवरचा रंग आणि मळ दबून पकड सैल होते. यू-बोल्ट सैल राहिला की ॲक्सल जागेवर राहत नाही, सेंटर बोल्टवर सगळा भार येतो आणि तो तुटतो.

पाट्यांखाली ठोकळा घालून उंची घेणं मला पटत नाही. ब्रेक मारताना आणि गाडी जोरात उठवताना ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, तेव्हा पाटा नागमोडी पिळला जातो. ठोकळ्याने ॲक्सल आणि पाट्यातलं अंतर वाढतं आणि तो पिळा जास्त बसतो. एकावर एक दोन ठोकळे आणि पुढच्या ॲक्सलवर ठोकळा, या दोन गोष्टी तर कोणत्याही कारणाने करू नयेत. मागची उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टचे कोनही बदलतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे राहिले पाहिजेत. नाही तर एका ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि चालक टायरचं बॅलन्सिंग करत बसतो.

आता शॉकअब्सॉर्बर. गाडीचं ओझं स्प्रिंग किंवा पाटा पेलतो, शॉकअब्सॉर्बर त्याची उसळी थांबवतो. गाडी दोन इंच वर गेली आणि शॉकअब्सॉर्बर जुनाच राहिला, तर उभ्या गाडीतच तो जवळजवळ ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो संपतो आणि चाकाला लटकवून धरणारी दोरी बनतो. त्याचं तोंड फुटतं, तेल गळतं, कधी वरचा बोल्टच तुटतो. म्हणून लांबी उंचीच्या हिशोबाने हवी. पण नुसता लांब घेऊनही चालत नाही. तो दाबला गेल्यावर आतून ठोकू नये म्हणून बम्प स्टॉपची, म्हणजे चाकाला वर अडवणाऱ्या रबराची, उंची तपासावी लागते. शिवाय ताठर पाट्याची परतीची उसळी जोरकस असते, तेव्हा तिला आवरणारा जास्त जोराचा शॉकअब्सॉर्बर हवा.

व्ही-क्रॉस आणि हायलक्सच्या पुढच्या बाजूला दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग असते. तिथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वर एक चकती बसवणं. स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकते, म्हणून पंचवीस मिलिमीटरच्या चकतीने चाकाजवळ उंची त्याच्या दुपटीच्या आसपास वाढते. हे ग्राहकाला सांगितलं जात नाही आणि तो जाड चकती मागतो. मग वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनात अडकतो, चाक खाली लटकलं की वरचा आर्म स्प्रिंगला घासतो, फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचं रबर फाटतं आणि ग्रीस बाहेर येतं. स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, ज्याला मेकॅनिक कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. महामार्गावर स्टिअरिंग सोडलं की गाडी सरळ जाईनाशी होते. दोन इंच उंची हवी असेल तर योग्य उंचीची स्प्रिंग, तिच्या जोडीचा शॉकअब्सॉर्बर आणि कॅस्टर परत मिळवून देणारा नवा वरचा आर्म, एवढा खर्च मनात धरा. तो झेपत नसेल तर गाडी आहे तशी ठेवा. काही जुन्या पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट कसून गाडी वर येते, पण स्प्रिंग काही मजबूत होत नाही, चाकाला खाली उतरायला असलेली जागा तेवढी जाते.

पुढची बाजू वर घेऊन गाडी समतल करण्याबद्दल एक सांगतो. पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असते, ती मुद्दाम तशी बनवलेली असते. माल भरला की मागची बाजू खाली येऊन गाडी सपाट होते. रिकाम्या गाडीला पुढून वर घेऊन समतल केलं आणि मग टनभर माल भरला, की नाक आकाशाकडे जातं. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रात्री दुर्ग ते राजनांदगाव गाडी चालवणाऱ्याला हे मी काय सांगावं! उंची बदलली की गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट पुन्हा जुळवलेच पाहिजेत.

ब्रेकचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे. बऱ्याच पिकअपमध्ये चेसीसला एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी खाली मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसीस खाली येतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. आता तुम्ही मागे पाटा चढवला. चेसीस कायमच वर राहिला. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. वर दीड टन माल आहे आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या हिशोबाने लागतात. सगळं काम पुढच्या ब्रेकवर पडतं, ते तापतात, थांबायचं अंतर वाढतं, आणि चालकाला वाटतं ब्रेक शू खराब आहेत. शू बदलून काही होत नाही. त्या दांडीची जुळणी नव्या उंचीप्रमाणे कंपनीच्या पद्धतीने करावी लागते. तसंच ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण लटकवून पाहावा. तो ताणला जात असेल तर लांब पाइप घ्यावाच लागेल.

पाटा वाढवून माल वाहण्याची परवानगी वाढत नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसीस आणि ब्रेक सगळे जुनेच असतात. नोंदणीपुस्तकात लिहिलेलं एकूण वजन हीच मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार. गाडीत फेरफार करण्याबद्दल कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उत्पादकाने ठरवलेलं गाडीचं मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवायच्या फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणून कामाला हात घालण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. अपघातानंतर हे प्रश्न दुसरं कोणी तरी विचारतं.

ज्यांच्या गाडीत आधीच जादा पाटा आहे, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात गाडी पिटावर घ्या. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी, यू-बोल्टचे नट आणि मागचा ब्रेक पाइप एवढं तुमच्यासमोर तपासून घ्या, आणि तोवर गाडीत नोंदणीपुस्तकापेक्षा जास्त माल भरू नका.